पट्टी धरणारी

धाकटीची नखं गुलाबी होती. दहाच्या दहा, एका मापाची, वर चमक. ती आमच्या कारखान्यात आली आणि चहाच्या कपाभोवती बोटं अशी पसरून बसली की मला दुसरीकडे बघायला जागाच ठेवली नाही. मी माझा डावा हात एप्रनच्या खिशात घातला आणि उजव्या हाताने चहा घेतला.

माझ्या डाव्या अंगठ्याला तेव्हा निम्मंच नख होतं. आधीचं काळं पडून गळलं होतं आणि नवं मुळाकडून हळूहळू वर सरकत होतं. डॉक्टरांनी अंगठा उजेडात धरून सांगितलं होतं, "ह्या वेळी आलं. पुन्हा मुळावर मार बसला तर यायचं नाही." मी घरी येऊन ते ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग हलू नकोस."

आम्ही दोघी बहिणी सुताराच्या मुली आणि दोघींचे नवरेही सुतारच. हे तर बाबांच्याच हाताखाली शिकले. आता प्लायवूडचं कपाट किंवा फळी केली की तिची कापलेली कड उघडी पडते, थर दिसतात, वाईट दिसतं. म्हणून त्या कडेवर गोंद लावून लाकडाची बारीक पट्टी बसवायची आणि बिनडोक्याचे खिळे ठोकायचे. पण ओल्या गोंदावर पट्टी घसरते. ती घसरू नये म्हणून कुणीतरी दोन्ही हातांनी दाबून धरायची, आणि जिथे खिळा जाणार तिथे अगदी शेजारीच धरायची. आमच्याकडे ते कुणीतरी म्हणजे मी. हे ओठांत सात-आठ खिळे धरतात, एकेक काढतात आणि ठोकतात. तोंडात खिळे असल्यामुळे कामाच्या वेळी ह्यांना एखादाच शब्द बोलता येतो. बावीस वर्षांत सात वेळा हातोडी माझ्या अंगठ्यावर बसली, आणि सातही वेळा हे म्हणाले, "हललीस."

सातातून एकदा मी खरंच हलले होते. बाकी सहा वेळांचा हिशेब मी अजून सोडलेला नाही.

धाकटीचं काय, ती पहिल्यापासून न हलणारी. लहानपणी बाबांची पट्टी तीच धरायची. मी मोठी, मला जास्त कळायचं, पण बाबा हाक मारायचे तिला. "धाकटीला पाठव," म्हणायचे, "तिचा हात हलत नाही." मग मी दारात उभी राहून ती पट्टी धरताना बघायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, हल, एकदा तरी हल. ती कधी हलली नाही. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, माझी चाळिशी उलटली, पण ते वाक्य माझ्या पोटात जसंच्या तसं आहे.

"ताई, आमच्याकडे हवेची गन आली," धाकटी चहा पिता पिता म्हणाली. "हे एका हाताने पट्टी दाबतात, दुसऱ्या हाताने गन टेकवतात आणि चाप ओढतात. ठप्. खिळा आत. मला आता कामाला जावंच लागत नाही."

"मग दिवसभर करतेस काय?"

"काही नाही," ती म्हणाली आणि नखांकडे बघून हसली.

ते 'काही नाही' मला असं झोंबलं की ती गेल्यावर मी तिचा कप दोनदा घासला. आपलंच माणूस, सुखात आहे, आनंद व्हायला हवा. झाला नाही. नुसता जळफळाट झाला. बाबांची लाडकी तीच, आणि आता हातोडीखालून सुटलीही तीच.

त्याच आठवड्यात आम्हाला वाचनालयाचं काम मिळालं होतं. साठ फळ्या, प्रत्येक आठ फूट लांब, प्रत्येकीच्या कडेला पट्टी. सोमवारी सुरुवात करायची होती. साठ फळ्या म्हणजे हजारभर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याशेजारी माझा तो निम्म्या नखाचा अंगठा. मी बरोबर ह्यांच्या तोंडात खिळे नसतील अशी वेळ साधली.

"अहो, आपण पण गन घेऊ या."

"कशाला?"

"साडूंनी घेतलीय."

"मी खिळा ठोकतो," हे म्हणाले. "उडवत नाही. आणि साडूचं काम बघितलंस तू?"

"काम नाही बघितलं. साडूच्या बायकोची नखं बघितली."

हे जवळ आले. मग माझा हात घेऊन अंगठा फिरवून फिरवून बघितला, एखाद्या लाकडाला कीड लागलीय का बघावं तसा. ह्यांचा स्वभाव वाईट नाही. फक्त हातोडीपुढे ह्यांना काही दिसत नाही.

"ठीक आहे," हे म्हणाले. "तू निवड. आपल्याला परवडेल अशीच आण. कॉम्प्रेसर आहेच पॉलिश फवारायचा, त्याला जोडू. पण एक ऐक. फळीवर तिची खूण माझ्या खिळ्याच्या खुणेपेक्षा मोठी दिसली, तर सोमवारी हातोडी. आणि मग गनचं नाव पुन्हा काढायचं नाही."

"कधीच?"

"कधीच."

मी कबूल झाले. खरं तर तेव्हाच भीती वाटायला हवी होती, कारण ह्यांच्या खिळ्याची खूण दिसतच नाही. शेवटचा ठोका हे खिळ्यावर टेकवलेल्या पंचवर, म्हणजे बोथट पोलादी टोच्यावर देतात आणि खिळा लाकडात बुडतो, वर टाचणीच्या टोकाएवढं भोक उरतं. पण माझ्या डोक्यात तेव्हा भोक नव्हतं. धाकटी होती.

शुक्रवारी सकाळी मी हत्यारांच्या दुकानात गेले. दुकान अरुंद आणि लांबलचक, भिंतीवर करवती, खाली स्क्रूचे डबे, आणि अगदी आत काउंटरमागे चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला दुकानदार. त्याने विचारलं, "काम काय आहे?"

सरळ प्रश्न होता. त्याला सरळ उत्तर द्यायचं होतं, की वाचनालयाच्या फळ्या आहेत, बारीक पट्टी आहे. मी काय सांगितलं? "माझ्या बहिणीकडे एक गन आहे. त्यापेक्षा चांगली हवी. पण स्वस्तातली."

दुकानदाराने चष्मा लावून माझ्याकडे बघितलं, मग तीन गनची खोकी काढून मांडली. पहिलीत बारीक खिळे बसायचे, एकमेकांना चिकटवलेल्या खिळ्यांची कांडीच्या कांडी. दुसरीत स्टेपल, म्हणजे दोन पायांच्या पिना, कपाटाची पाठ आणि खुर्चीचं कापड ठोकायला. तिसरीत दोन्ही. हवं तेव्हा खिळे भरा, हवं तेव्हा स्टेपल.

"तुमच्या बहिणीकडे बहुतेक ही असेल," तो पहिलीवर बोट ठेवून म्हणाला.

माझा हात आपोआप तिसरीवर गेला. धाकटीकडे एक, माझ्याकडे एकात दोन. किंमतही तेवढीच, उलट थोडी कमी. मला तर नशीब उघडल्यासारखंच वाटलं.

"पट्टीला वापरणार की पाठीला?" दुकानदाराने विचारलं.

"दोन्हीला."

"नाही, म्हणजे ह्या एकात दोनवाल्या गनचं कसं असतं..."

"हीच बांधा," मी म्हणाले.

बिचारा सांगत होता. मी ऐकलं नाही. खोकं घेऊन सरळ घरी जावं ना, तर मी वाट वाकडी करून धाकटीकडे गेले. तिचा नवरा कारखान्याच्या दारात लाकडाचा भुसा झाडत होता. त्याने खोकं हातात घेतलं, वरचं चित्र बघितलं, उलटवून मागचं वाचलं आणि गालातल्या गालात हसला.

"ताई, चांगली आहे की," तो म्हणाला.

"तुमच्यात फक्त खिळेच जातात ना, जावईबुवा?"

"हो, आमच्यात फक्त खिळे," तो म्हणाला आणि पुन्हा हसला. धाकटी मागे उभी राहून खोक्याकडे बघत होती. मी नाकावर टिच्चून आलेय अशा चालीने घरी आले. जावयाच्या त्या हसण्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

शनिवारी सकाळी ह्यांनी एक तुकडा प्लाय घेतला, गोंद लावला, पट्टी ठेवली आणि हात मागे बांधून उभे राहिले. मी गनला नळी जोडली, खिळ्यांची कांडी भरली, तोंड पट्टीवर दाबलं आणि चाप ओढला. ठप् झालं. मला इतका आनंद झाला की मी थांबलेच नाही. एकामागून एक नऊ खिळे मारले. मग नळी काढली आणि दोघंही वाकून बघायला लागलो.

नऊ खिळे व्यवस्थित आत गेले होते. पण प्रत्येकाच्या डोक्यावर एक खड्डा होता. गोल नाही, लांबट, आडवा. तांदळाच्या दाण्याएवढा. पट्टीच मुळात बोटभर रुंद, तिच्यावर नऊ तांदूळ सांडल्यासारखे दिसत होते.

हे सरळ उभे राहिले. खिशातून एक बिनडोक्याचा खिळा काढला, त्याच तुकड्यावर ठोकला, पंचने बुडवला आणि बाजूला झाले. मला त्यांची खूण शोधायला डोळे बारीक करावे लागले. मग ह्यांनी हातोडी बाकावर नीट, सरळ ठेवली, जशी रोज सकाळी ठेवतात तशी. मला ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी मागच्या अंगणात जाऊन बसले. अंगाचा तिळपापड झाला होता. आधी दुकानदाराचा राग आला, मग जावयाचा, मग धाकटीच्या नखांचा. सगळे संपले तेव्हा मी एकटी उरले. दुकानदाराने विचारलं होतं काम काय, आणि मी माझ्या कामाबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. मी पट्टीसाठी गन निवडलीच नव्हती. धाकटीचं तोंड पाडायला निवडली होती. आणि आता त्यापायी माझा अंगठा जन्मभर हातोडीखाली राहणार होता.

मग आठवलं, ह्यांनी सोमवार म्हटलं होतं, आणि आज शनिवारच होता. दुपारी मी वाचनालयाच्याच प्लायचे चार तुकडे आणि त्याच पट्टीचे चार तुकडे पिशवीत भरले, खोकं काखेत मारलं आणि पुन्हा दुकानात गेले. नऊ तांदळांचा तो तुकडा काउंटरवर ठेवला. दुकानदाराने त्यावरून बोट फिरवलं.

"मी सांगत होतो," तो म्हणाला.

"सांगत होतात. मी ऐकलं नाही. आता सांगा."

तो खूश झाला. त्याने गनचं तोंड उघडून आतली पोलादी पाती दाखवली. स्टेपल रुंद असते, म्हणून तिला ढकलणारी पातीही रुंद. खिळा सुईसारखा बारीक असला तरी त्याला ढकलते तीच रुंद पाती, म्हणून खिळ्याच्या मागोमाग तीही लाकडात शिरते आणि खड्डा पाडते. कपाटाच्या पाठीला चालतं, तिथे कोण बघतंय. समोरच्या पट्टीला नाही चालत.

"नऊच मारलेत ना?" त्याने विचारलं. "मग ही मी परत घेतो, गिऱ्हाइकांना दाखवायला होईल. काम काय आहे?"

ह्या वेळी मी पिशवी उघडली. "हे काम आहे," मी म्हणाले. "ह्याच्यावर मारून दाखवा."

त्याच्याकडे स्वस्तातल्या चार होत्या. चारही त्याच्या कॉम्प्रेसरला लावून माझ्याच पट्टीवर मारल्या. मी काही घाई केली नाही. एकीचं तोंड इतकं जाड की खिळा नेमका कुठे जाणार ते दिसेना. एकीच्या टोकावरच्या काळ्या रबराचा डाग पट्टीवर उठला. एकीत खिळा अडकला आणि तो काढायला पाना शोधावा लागला. चौथी दिसायला अगदीच भिकार, जड, बटबटीत हिरवी. पण तिचं नाक बारीक होतं, खिळा कुठे जाणार ते दिसत होतं, खिळा किती खोल जावा ते एका चाकाने ठरवता येत होतं, आणि अडकला तर पाना न लावता तोंड उघडत होतं. मी सहा खिळे मारले. खूण बघायला दुकानदाराने चष्मा लावला आणि मी दारातल्या उजेडात गेले. ह्यांच्या खुणेपेक्षा बारीकच होती.

"हीच," मी म्हणाले, आणि मगच तिच्याकडे नीट बघितलं. तो हिरवा रंग मी आधी पाहिला होता. धाकटीच्या कारखान्यात, दाराशेजारच्या खिळ्यावर टांगलेला.

"काय झालं?" दुकानदाराने विचारलं.

"हीच, पण दुसऱ्या रंगात नाही का?"

"नाही हो. एकच रंग येतो."

 शेवटी अंगठ्याकडे बघितलं आणि ती घेतली. ह्या वेळी वाट वाकडी केली नाही. घरी येऊन आधी तिच्या मुठीला लाल टेप गुंडाळली, इतकी की हिरवं फार दिसू नये.

रविवारी हे खुणा बघत बसले. आपला खिळा आणि गनचा खिळा शेजारी शेजारी, आधी डोळ्यांनी, मग बोटाने, मग भिंग घेऊन. शेवटी म्हणाले, "बारीक आहे." त्या दोन शब्दांसाठी ह्यांना किती कष्ट पडले ते मला ठाऊक.

सोमवारी पहिली फळी कामाच्या लाकडी घोडीवर चढवली. हे शब्दाचे पक्के, गन स्वतःच हातात घेतली. मी नेहमीसारखी पट्टी धरली. ह्यांनी गन उचलली, खांद्यापर्यंत वर नेली आणि हातोडीसारखी खाली आणली.

चाप तर आधीच ओढलेला, आणि तसं असताना तोंड दाबलं गेलं की खिळा सुटतोच. तोंड पट्टीवर आदळलं, खिळा सुटला, गन उसळून पुन्हा आदळली आणि दुसरा खिळा सुटला. पहिला पट्टीत तिरका रुतला, दुसरा प्लायच्या पोटातून बाजूला बाहेर आला, माझ्या करंगळीपासून दोन बोटांवर. मी हात काढून घेतला होता. ह्यांच्या तोंडात सवयीने 'हललीस' आलं असणार, पण बाहेर पडलं नाही.

"अहो, ही टेकवायची असते," मी म्हणाले. "आपटायची नसते."

"टेकवतो."

दुसऱ्यांदा तेच. तीस वर्षं ज्या हाताने ठोकलं, त्याला टेकवणं येईना. शेवटच्या क्षणी खांदा वर जायचाच. तिसऱ्यांदा मी ह्यांच्या हातातून गन काढून घेतली.

"तुम्ही पट्टी धरा."

"मी?"

"मग कोण?"

छोटी पट्टी एकट्याला जमते, पण लांब पट्टी कधी सरळ नसते, ती ओढून, वाकवून कडेवर बसवावी लागते, म्हणून धरणारा लागतोच. ह्यांनी पट्टी धरली. मी गन टेकवली, दाबली, श्वास धरला आणि चाप ओढला. तुकड्यांवर जमलं होतं, पण खऱ्या फळीवरचे माझे पहिले पाच खिळे वाकडे गेले, खोटं कशाला सांगू. सहावा सरळ गेला. त्यानंतर मला कळलं की ह्या यंत्राला ठोकणारा हात नकोच आहे. ह्याला फक्त न हलणारा हात हवा. आणि बावीस वर्षं मी दुसरं काय शिकले होते?

गंमत ह्यांची होती. प्रत्येक ठप् ला हे डोळे घट्ट मिटायचे, अगदी लहान मुलासारखे. दुसऱ्या फळीच्या मध्यावर डोळ्यांबरोबर खांदाही आखडला, आणि पट्टी सरकली. खिळा कडेवरून तिरका गेला. मी गन खाली ठेवली.

"तुम्ही हललात."

ह्यांनी वर बघितलं. कॉम्प्रेसर हवा भरत गुरगुरत होता. ह्यांचा डावा अंगठा पट्टीवर होता, माझा असायचा त्याच जागी. ते त्याच्याकडे बघत राहिले.

"हो," शेवटी म्हणाले. "हललो."

मी गन उचलली आणि पुढच्या जागी टेकवली.

गुरुवारी धाकटी आली. आमच्या अडतीस फळ्या झाल्या होत्या, एकोणचाळिसावी घोडीवर होती. ती आत पाऊल टाकून तिथेच थांबली. तिची बहीण गन घेऊन उभी आणि तिच्या बहिणीचा नवरा वाकून पट्टी धरतोय, हे तिने बघितलं. आणि तिचा चेहरा झाला ना, तो चेहरा मला तोंडपाठ आहे. लहानपणी बाबांच्या दारात तोच चेहरा घेऊन मी उभी राहायचे.

"तू मारतेस?" तिने विचारलं.

"मग कोण मारणार?"

"आमचे हे मला हात लावू देत नाहीत. बिघडेल म्हणतात." ती घोडीजवळ आली. "दिवसभर आत ठप् ठप् चालतं आणि मी बाहेर बसते. आधी काहीतरी बोलणं तरी व्हायचं. आता जेवायला हाक मारायची तेवढीच. नखं तरी माणसाने किती रंगवायची, ताई."

माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. धाकटी आहे माझी, पाठची. पण खरं सांगते, मला गोड वाटलं. पोटात इतकी वर्षं दुखत होतं तिथेच गोड वाटलं. तिने गनवरची लाल टेप बघितली, बोटाने तिची कड थोडी सोडवली.

"ही आमच्यासारखीच आहे ना?"

"नाही," मी म्हणाले. "थोडी वेगळी आहे."

"मला एक मारू दे ना."

नाही म्हणायला कारण सापडेना. मी गन तिच्या हातात दिली आणि कसं टेकवायचं ते सांगायला लागले. तिने ऐकलंही नाही. गुलाबी नखांची बोटं मुठीभोवती बसली, नाक पट्टीवर टेकलं आणि तिचा सगळा हात एकदम शांत झाला, बाबांच्या वेळी व्हायचा तसा. ठप्. तिने गन उचलली.

मी वाकून बघितलं. खिळा मधोमध होता, सुतासारखा सरळ, नेमका हवा तेवढाच खोल. त्या दिवशी मी मारलेल्या सगळ्या खिळ्यांत इतका चांगला एकही नव्हता. तिचा पहिला. माझे फळीवरचे पहिले पाच वाकडे गेले होते. 'धाकटीला पाठव,' बाबा माझ्या कानात म्हणाले, 'तिचा हात हलत नाही.'

हे पण वाकले होते. ह्यांचं बोट खिळ्याकडे जात होतं. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी बोलले.

"वाकडा गेला."

"वाकडा?" धाकटी म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती ह्यांच्याकडे बघत होती, आणि मला कळलं की मी किती मूर्ख आहे. हे बाबांच्या हाताखाली शिकले होते. 'तिचा हात हलत नाही' हे त्यांनीही शंभरदा ऐकलं होतं. आणि सरळ खिळ्याला वाकडा ह्यांनी जन्मात म्हटलं नव्हतं, गिऱ्हाइकासाठी नाही, साडूसाठी नाही, माझ्यासाठी तर मुळीच नाही. अंगठ्याच्या सातही वेळी मी रडत असताना हे आधी खिळा बघायचे.

ह्यांनी खिळ्यावरून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला आणि परत लावला.

"हो," हे म्हणाले. "जरासा वाकडाच आहे."

धाकटीने गन मला परत दिली. "मग शिकावं लागेल," ती म्हणाली. "उद्या येऊ का, ताई?"

"ये," मी म्हणाले. "पट्टी धरायला ये."

ती गेली. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही आणि ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हे पट्टीवर पुढे सरकले, नवीन जागी दाबून धरलं. मी गन टेकवली. तिच्या नाकाशेजारी ह्यांचा अंगठा होता, जाड, कडक, लाकडाच्या रंगाचा, नख पूर्ण शाबूत. इतकी वर्षं जे वाक्य ह्यांच्या तोंडून ऐकायची मी वाट बघत होते, ते माझ्याच तोंडून निघालं.

"बोट जरा मागे घ्या. लागेल."

"असू दे," हे म्हणाले. "मार तू. मी हलत नाही."

ह्या वेळी ह्यांनी डोळे मिटले नाहीत.